साथ आहे का?

देव माफ करतो, यावर त्या दिवसांत माझा विश्वास उरला नव्हता. ट्रकवर असताना मी जसा वागलो त्यातून एचआयव्ही घरी आणला आणि बायकोलाही दिला. तिने एका शब्दाने जाब विचारला नाही, आणि तेच मला सोसवत नव्हतं. शनिवारी मोताळ्याच्या मारुतीला जायचो, पण पायरी चढत नव्हतो. पुढे मनाने घेतलं की बरं राहण्याचा मला हक्कच नाही. बायको सकाळ-संध्याकाळ गोळी हातावर ठेवायची. मी ती गालात धरून परसात थुंकायचो. याला मी प्रायश्चित्त म्हणत होतो.

अशातच आम्ही दोघं औषधाच्या तारखेला बुलढाण्याच्या दवाखान्यात गेलो. तिथे एक परगावची बाई रोग्यांना प्रश्न विचारून फॉर्म भरत होती. रक्ताच्या तपासणीतून माणूस कसा जगतो ते कळत नाही, ते त्यालाच विचारावं लागतं, असं तिने समजावलं. झोप लागते का, काम झेपतं का, लोकांत मिसळता का. प्रत्येक प्रश्नाला पाचांपैकी गुण द्यायचे. गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या, असंही तिने विचारलं. ‘एकबी नाही,’ मी म्हणालो. तिने फॉर्मवर तशी खूण केली. मी बाहेर भिंतीपाशी येऊन बसलो आणि बायको आत गेली. पडद्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

‘घरात साथ आहे का?’

‘नाही बाप्पा. घरात कायची साथ? पोरीले तपासलं, तिले काही नाही. आमच्या दोघायलेच हाय.’

‘तशी साथ नाही हो ताई. साथ म्हणजे सोबत. कोणाची सोबत आहे?’

‘मंग तसं मराठीत विचारा ना. हाय की. थे काय बाहीर बसले. मी गोळी घेतल्याबिगर मले जेवू देत नाहीत. पाच लिहा.’

‘राग येत नाही त्यांचा?’

‘येते ना, रोजच येते. म्हून काय सोबत सुटते?’

मी उठलो, पडदा सारला आणि माझं एक उत्तर खोटं आहे, असं त्या बाईला सांगितलं. गोळ्यांचं सगळं बोलून टाकलं. बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, ‘तरीच म्हटलं, परसातल्या कोंबड्या काऊन एवढ्या तब्येतीच्या झाल्या.’ एवढं बोलून तिने डोळ्यांना पदर लावला. बाईने आधीची खूण खोडली आणि मला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेली.

याला कोणी योगायोग म्हणेल. मला इतकंच कळतं की बायकोला जे विचारायची माझी छाती झाली नाही, ते देवाने एका अनोळखी बाईच्या तोंडून विचारून घेतलं. स्वतःची शिक्षा स्वतःच ठरवणं हाही अहंकारच होता. दोष माझा आहे, तो राहील; त्याचं काय करायचं ते मी देवावर सोपवलं. त्या दिवसापासून बायको गोळी देते आणि समोर उभी राहते. मी गिळतो, आणि तोंड उघडून दाखवतो.