घटाच्या खोलीतली हवा

आमच्याकडे घट बसायचे मधल्या खोलीत. तिला एक दार आणि छताजवळ वीतभर झरोका. नवरात्रात नंदादीप विझू नये म्हणून आई तो झरोका चिंध्या ठासून बुजवायची. वडील शिलेदार. दसऱ्याला घटाचं धान पागोट्यात खोवून ते महाराजांच्या स्वारीत जायचे, तेव्हा धान उगवलंच पाहिजे असा घरात धाक.

त्या वर्षी घट वहिनीच्या हातून बसले. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नव्हतं, आणि आईने तिला आधीच बजावलं होतं, "धान नासलं तर करजणला तुझ्या वडलांना कागद धाडते, मुलीला घेऊन जा म्हणून." मी तेव्हा अकरा वर्षांची.

आश्विनात उकाडा मी म्हणत होता. कोरं मडकं पाझरत होतं, वर आई रोज पाणी शिंपडायची. तिसऱ्या दिवशी भिंती हाताला ओल्या लागल्या. धान पिवळं पडून आडवं झालं आणि मातीवर म्हातारीच्या केसांसारखी पांढरी बुरशी आली. वाऱ्याची झुळूक नसताना ज्योत आपसूक खाली बसायची. त्या खोलीत गेलं की डोकं दुखायचं; मला तिथे पाऊल टाकवेना.

फुलं द्यायला येणारी माळीण सरकारी बागेतल्या काचघरात कामाला होती. ती दारातूनच म्हणाली, "बेन, हवा जवा दो. काचघरमां बी रोज उपरनी बारी खोलवी पडे, नहीं तो फूग वळे." वरची खिडकी रोज उघडली नाही तर बुरशी धरते, असं तिचं म्हणणं.

"काचघरात देव नसतो," आई म्हणाली.

दिव्यापाशी दिवसभर बसायचं काम वहिनीचं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, छातीवर कुणीतरी बसलंय. मग तिची मान डोलू लागली, बुबुळं वर गेली, घशातून घरघर निघाली. आईने हात जोडले. देवी अंगात आली होती. आळीतल्या बायका खणनारळ घेऊन आल्या, धूप पेटला, दार लावून घेतलं. कालपर्यंत जिला घालवायला निघाली होती, तिच्या पायांवर आईने डोकं ठेवलं. वहिनीचा चेहरा मला ओळखू येईना. काळानिळा पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई जेवायला बसली तशी मी पेटीवर चढले आणि चिंध्या ओढून काढल्या. ज्योत बोटभर वर आली. वहिनीने मोठा श्वास घेतला. तिने डोळे उघडले तेव्हा आवाज तिचाच होता.

"वन्सं, त्या परत कोंबा."

"वहिनी, जीव जाईल तुमचा."

"सासूबाई माझ्या पाया पडल्या, वन्सं."

मी चिंध्या परत लावल्या, पण दोन बोटं फट ठेवली, तिलाही न सांगता. अष्टमीपर्यंत भिंती सुकल्या, बुरशी विरली, नवे हिरवे कोंब वर आले. समईची ज्योत सरळ जळत होती. आता त्या खोलीत कुणाचंही डोकं दुखत नव्हतं.

अष्टमीच्या आरतीला वहिनी पूर्वीपेक्षा जोरात घुमली. केस सुटले, घरघर ओटीपर्यंत ऐकू आली. आईने पुन्हा पाय धरले. मी झरोक्याकडे पाहिलं. फट होती तशीच होती. मान खाली केली तर वहिनी घुमता घुमता माझ्याकडेच बघत होती. मला इतकी भीती आधी कधीच वाटली नव्हती. बायकांनी वाट दिली, मी पुढे झाले आणि तिच्या पायांवर डोकं टेकवलं.