नावाच्या जागी दादा थांबला

वसईहून निघताना बायकोने डब्यात पोळ्या भरल्या आणि मी पिशवीत वर्तमानपत्रं कोंबली. प्रवासाचं मला मुळीच कौतुक नाही. उन्हाळ्याची सुटी केळीच्या बागेत खाट टाकून काढावी, हा माझा शिरस्ता. पण वऱ्हाडातून आलेल्या एका फादरांनी निरोप आणला. "सायमन फादरांचं काही खरं नाही. तुम्हाला बोलावलंय. आणि येताना पोपची बातमी आण म्हणाले." सायमन म्हणजे माझा मोठा भाऊ. ऐन तारुण्यात तो बुलढाणा जिल्ह्यात धर्मगुरू म्हणून गेला आणि तिथलाच होऊन बसला.

पोपची बातमी कशाला, ते आधी सांगतो. रोममधले आमचे पोप नुकतेच वारले होते. त्यांनी जगभरच्या बिशपांची मोठी सभा भरवली होती, आणि मिसा (आमची उपासना) लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत म्हणावी का, यावर तिथे खल चालला होता. पोप गेले की सभा थांबते. पुढे चालवायची की गुंडाळायची, हे नव्याच्या मर्जीवर. दादाने अख्खी मिसा मराठीत करून तोंडपाठ ठेवली होती. आपल्या खेड्यातल्या माणसांपुढे ती एकदा म्हणायला मिळावी, एवढंच त्याचं मागणं उरलं होतं. त्यामुळे गादीवर कोण येतं याची जगाला उत्सुकता होती, दादाला घाई होती.

सकाळी मलकापूरला उतरलो. खामगावची एस.टी. वडनेर भोलजीला पोचेपर्यंत इतकी तापली की ड्रायव्हरने ती झाडाखाली उभी केली आणि तो पाणी आणायला गेला. आम्ही उतारू समोरच्या हॉटेलात बसलो. हॉटेल म्हणजे दोन बाकडी, एक भट्टी आणि तिच्याशी भांडणारा मालक. मी पेपर उघडला.

"काऊन (का) हो गुरुजी, पेपरातून डोकं नाही काढून राह्यले? कुठं इलेक्शन आहे का?" मालकाने विचारलं. मी गुरुजी हे त्याने कसं ओळखलं कोण जाणे.

"इलेक्शनच म्हणा. आमच्या पोपची निवड व्हायची आहे."

"म्हणजे तुमचे मोठे महाराज. त्यायले लेकरू नाही का?"

"ते लग्नच करत नाहीत."

"मंग गादी चेल्याले जात असन."

मी त्याला सगळं समजावलं. कार्डिनल, म्हणजे बिशपांच्याही वरचे धर्मगुरू, दारं लावून बसतात, मतं टाकतात, चिठ्ठ्या जाळतात. निवड झाली नाही तर काळा धूर, झाली तर पांढरा. तो भट्टीकडे बघत म्हणाला, "ओलं जळतन (सरपण) घातलं तं पांढराच धूर निघते. फसन कोनी."

पेपरात कार्डिनलांचे फोटो होते. बाकड्यावरच्या मंडळींनी पेपर ओढून घेतला आणि रोमच्या आधी वडनेरलाच निवडणूक उरकली. एकाला गुबगुबीत चेहऱ्याचा पसंत पडला. "हा खाऊनपिऊन सुखी दिसते, लोकायले तरास नाही देनार." दुसरा म्हणाला, सगळ्यात म्हातारा निवडा, म्हणजे कोणाचाच हिरमोड होणार नाही. मला हसू आलं. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच.

"तुमचं काय अडलं याच्यात?" मालकाने विचारलं. मी दादाचं सांगितलं. त्याने भट्टीला वारा घालायचं थांबवलं. "मंग लवकर होऊ द्या बापा," तो म्हणाला आणि न मागता दुसरा चहा पुढे केला. "वापसीत थांबजा. काय झालं ते सांगून जाजा."

खामगावला गाडी बदलली, मेहकरला पुन्हा बदलली. दोन्हीकडे नांगरलेली काळी रानं पेरणीची वाट बघत पडली होती. पैनगंगेत पाण्यापेक्षा वाळू जास्त. वसईच्या हिरव्या बागांतून आलेल्या माणसाला हे रान बघून घशाला कोरड पडते. इथे दादाने जन्म कसा काढला, असं मनात आलं आणि त्याचा रागही आला.

डोणगावच्या स्टँडवर पुंडलिकराव छकडा घेऊन उभे होते. दादाचे शेजारी, जातीचे शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ. दादाला ते 'फादरबाबा' म्हणत. वाटेत फार बोलले नाहीत. "जेवन नाही राह्यलं त्यायचं," एवढंच म्हणाले.

दादा खाटेवर उशाला टेकून बसला होता. इतका वाळला होता की मी दारातच थबकलो. मला बघून त्याचा पहिला शब्द, "झाला का?"

"मी बरा आहे, प्रवासही बरा झाला," मी म्हणालो. तो हसला, मग खोकत राहिला.

पुंडलिकरावांच्या घरून कळण्याची भाकर (ज्वारीत उडीद दळून केलेली) आणि ठेचा आला. मी घाम पुसत जेवलो. दादाने पेजेचे दोन घोट घेतले आणि पेपर मागितला. मग आमचं सुरू झालं. हा आला तर सभा चालवील, तो आला तर कुलूप लावील, तिसऱ्याचं कोणालाच सांगता येत नाही. पुंडलिकराव उंबऱ्यावर बसून ऐकायचे आणि रोज संध्याकाळी सायकल हाणत डोणगावला ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातम्या ऐकायला जायचे. येऊन म्हणायचे, "आजही काळाच." दादा मान हलवायचा आणि भिंतीकडे वळायचा.

एके सकाळी त्याने हट्ट धरला, नेहमीची लॅटिन मिसा म्हणायची. मी आणि पुंडलिकरावांनी त्याला धरून टेबलापाशी उभं केलं. गावातली पाच-सहा ख्रिस्ती माणसं पडवीत गुडघे टेकून बसली. लहानपणी उभा राहायचो तसा मी सेवेला त्याच्याजवळ उभा राहिलो. मिसेच्या मध्यावर एक लॅटिन प्रार्थना पुटपुटत म्हणतात, तिच्यात पोपचं नाव घ्यायचं असतं. पोप नसले की ते शब्द गाळून पुढे जायचं, हा नियम. दादा त्या जागेपाशी आला आणि थांबला. ओठ हलेनात. मला वाटलं, विसरला. पुढचा शब्द मी हळूच सांगितला, तरी तो उभाच. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्याने खोल श्वास घेतला आणि पुढे गेला.

खाटेवर निजवल्यावर मी रागावलोच. "गाळायचं ना सरळ. पाय लटपटत होते तुझे."

"घरचं माणूस गेलं की आपण त्याचं ताट मांडत नाही," तो म्हणाला. "पण जेवताना त्याच्या जागेकडे नजर जातेच ना रे. आणि या जागेवर येणार कोण, यावर माझं सगळं लटकलंय."

मी त्याचे पाय चेपत बसलो.

दुसऱ्या दिवशी तो पाणीही घेईना. पुंडलिकरावांचा पाय निघत नव्हता, पण दादानेच खुणेने त्यांना डोणगावला पिटाळलं. ते गेले आणि दिवेलागणीला दादा गेला. हात माझ्या हातात होता. मी त्याचे डोळे मिटवले आणि लहान मुलासारखा रडलो. लाज वाटली नाही.

थोड्या वेळाने बाहेर सायकल आपटल्याचा आवाज झाला. पुंडलिकराव धापा टाकत आत आले. ते परकं नाव विसरू नये म्हणून वाटभर ते जपत आले होते, आताही ओठ तेच म्हणत होते. खाटेकडे बघून ते जागच्या जागी खिळले. मग त्यांनी वहाणा काढल्या, खाटेजवळ बसले, दादाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "फादरबाबा, झाला. पांढरा निघाला." आणि ते नाव सांगितलं. दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या फादरांनी अंत्यविधीची मिसा म्हटली. ते त्या जागेपाशी आले आणि न थांबता नवं नाव घेऊन पुढे गेले. पेटीत निजलेल्या दादाकडे बघणं मला जमेना.

परतीच्या वाटेवर वडनेरला गाडी फक्त चहापुरती थांबली. उतरू नये असं वाटत होतं, पण मालकाने खिडकीतून मला हेरलं आणि चहाचा कप घेऊन तोच गाडीपाशी आला.

"काय गुरुजी, झाले म्हणे तुमचे महाराज. रेडिओवर आयकलं. पुढं चालवतीन का ते सभा?"

"चालवणार म्हणतात."

"मंग झालं तं भाऊचं काम," तो खुशीत म्हणाला. "भाऊले सांगतलं ना?"

मी कप खिडकीच्या काठावर ठेवला.

"हाव (हो)," मी त्याच्याच भाषेत म्हणालो. "कानात सांगितलं."

तो समाधानाने भट्टीकडे गेला. पुढे काही वर्षांनी वसईच्या आमच्या देवळात मिसा मराठीत सुरू झाली. लोकांना ती सवयीची झाली आहे. पोपचं नाव येतं, सगळे पुढे जातात. मी अजून तिथे थोडा मागे राहतो.