शिवऱ्यातले चार लॅपटॉप

शिवरे गावातली ती चोरी माझ्या सेवेतल्या मोठ्या गुन्ह्यांत बसत नाही. वर्तमानपत्रात तिच्याबद्दल दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. तरी कोणी एखादी केस सांगा म्हटलं की मला आधी तीच आठवते. त्यातली माणसं याच भागात सुखाने राहतात, म्हणून नावं देत नाही.

मी तेव्हा महामार्गालगतच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सोमवारी सकाळी हजेरी घेऊन टपाल पाहत बसलो होतो. तेवढ्यात पंचविशीतली एक मुलगी आणि तिचे वडील फिर्याद द्यायला आले. मुलीने पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गावात स्वतःची कंपनी काढली होती. भोर-वेल्ह्याच्या वस्त्यांवरच्या शेळ्या-मेंढ्या, गुरं यांच्या लसीकरणाची नोंद ठेवायची, तारीख जवळ आली की मालकाला फोन जायचा आणि जनावरांचा डॉक्टर वस्तीवर पोचायचा, असं तिचं काम होतं. ऑफिस म्हणजे वडिलांच्या मालकीची रस्त्याकडेची एक खोली. रविवारी दुपारी ती आणि तिची माणसं लसीकरणाच्या शिबिराला गेली असताना तिथले चार लॅपटॉप गेले होते.

गुन्हा दाखल करून आम्ही पंचनाम्याला गेलो. कुलूप शाबूत होतं, खिडकीचे गज जागेवर होते. वडील सारखे घाम पुसत होते. त्यांनी मला दोनदा विचारलं, "सायेब, आता ह्ये काम बंदच पडणार न्हवं?"

मुलगी मात्र शांत होती. पंचनाम्यावर सही करून म्हणाली, "मी निघू का? अकराला वेल्ह्याकडच्या वस्तीवर लसीकरण आहे."

मला तिचाच संशय आला. ज्याचं चोरीला जातं तो माणूस इतका शांत नसतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. त्यात लॅपटॉपचा विमा महिन्याभरापूर्वीच उतरवलेला. दुपारी मी तिला चौकशीसाठी बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसली.

"सगळं काम लॅपटॉपवर होतं ना? मग आज कशावर चाललंय?"

"मैत्रिणीचा एक जुना लॅपटॉप आणलाय, साहेब. तो नसता तर मोबाईलवर केलं असतं."

"आणि जनावरांच्या नोंदी?"

"त्या लॅपटॉपमध्ये नव्हत्याच. क्लाउडवर आहेत."

क्लाउड म्हणजे ढग, म्हणून मी बहुधा वर पाहिलं असावं, कारण ती पहिल्यांदा हसली.

"मोठ्या कंपन्यांची कॉम्प्युटरची केंद्रं असतात, साहेब. त्यांची जागा आणि ताकद आम्ही भाड्याने घेतो. वीज वापरली तेवढंच बिल येतं ना, तसं. स्वतःचं मोठं मशीन घ्यायची माझी ऐपत नव्हती, आणि आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. पहिल्या वर्षी एकाच गावाचं काम होतं, तेव्हा अगदी थोडी जागा घेतली. पावसाळ्याआधी लसींचा जोर असतो, तेव्हा वाढवून घेतो. नंतर कमी करतो. नोंदींच्या प्रती दोन-तीन ठिकाणी राहतात. लॅपटॉप गेले याचं वाईट वाटतंय, पण काम थांबायचं कारण नाही."

उत्तर तयार वाटलं, म्हणून पटलं नाही. दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत हवालदारांना घेऊन मी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर गेलो. एक म्हातारी शेळ्यांना पाला घालत होती. कंपनी खरी की नुसती कागदावरची, एवढंच मला बघायचं होतं.

"आजी, लसीचा फोन येतो का तुम्हाला?"

"येतो की. काल बी आला."

"काल? नक्की?"

"मंग! काळ्या शेळीची लस ऱ्हायली म्हनून. माज्या ध्यानात न्हवतं, त्या पोरीच्या हुतं. मागल्या साली साथ आली, खालच्या वाडीत लई शेळ्या मेल्या. माझी एक बी न्हाई."

उतरताना हवालदार म्हणाले, "साहेब, चोरी झाल्यावरसुद्धा फोन गेलाय."

माझा संशय तिथेच गळून पडला.

शुक्रवारी मुलीचाच फोन आला. तिने पहिल्याच दिवशी कंपनीच्या खात्यातून अशी सोय करून ठेवली होती की चोरीचा लॅपटॉप नेटला जोडला की तो आपोआप बंद व्हावा आणि कोणत्या जोडणीवरून आला त्याची नोंद राहावी. त्यातला एक लॅपटॉप जोडला गेला होता. ती नोंद जोडून आम्ही इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला पत्र दिलं. जोडणी पानशेतच्या एका हॉटेलची निघाली. हॉटेलमालक मुलीचा सख्खा मामा होता.

मामा गोंधळून गेला. "दाजींनी ठिवाया दिल्यात साहेब. पोरीनं नवं घेतलं, ह्ये जुनं, असं म्हनलं. सुनेनं एक उघडून नेटला जोडला, तर लगेच बंद पडला."

वडिलांना बोलावलं. एकही प्रश्न विचारायच्या आधी ते बोलायला लागले.

"म्याच न्हेलं. चांगली नोकरी सोडून आली. दोन वरसं झाली, येळेवर जेवत न्हाई, डोळं लाल. वाटलं, मशीनं गेली की काम बंद हुईल, परत नोकरीला जाईल. पर म्या समदी मशीनं न्हेली तरी हिचं चालूच. मला काय कळंनाच."

मुलगी आली. वडिलांसमोर येऊन उभी राहिली. रागावेल असं मला वाटलं होतं.

"आबा, मला बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर ऐकलं आसतंस?"

ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि मोबाईल पुढे धरला. "मी पण तुम्हाला कधी दाखवलं नाही. हे बघा."

म्हातारा एकेक नाव वाचत गेला. गावं, वाड्या, माणसं, त्यांची जनावरं. मध्येच थांबून म्हणाला, "ह्यो तर माझा साडू." आणि डोळे पुसले.

मी काही लपवलं नाही. दोघांचे जबाब घेतले, लॅपटॉप जप्त करून नंतर न्यायालयाच्या आदेशाने परत दिले. लबाडीचा हेतू नव्हता, गुन्हा गैरसमजातून दाखल झाला, म्हणून सी समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल पाठवला. न्यायालयाने तो मान्य केला.

माणसाच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायची सवय पोलिसाला लागते. बहुतेक वेळा ती उपयोगी पडते. त्या वेळी तिने मला फसवलं. मुलगी शांत होती, कारण तिला आपलं काम पुरतं माहीत होतं. मला ते माहीत नव्हतं. त्यानंतर एखाद्याचं वागणं विचित्र वाटलं की मी आधी त्याचा धंदा समजून घेई, मग संशय घेई. नव्या मशीनबद्दल विचारताना कमीपणा वाटणंही तेव्हापासून बंद झालं.

आता तिचं काम शेजारच्या तालुक्यांतही पसरलंय. ऑफिस अजून त्याच खोलीत आहे. वाढली ती क्लाउडवरची भाड्याची जागा. निवृत्तीनंतर मीही त्यांतल्याच एका तालुक्यात, माझ्या गावी दोन शेळ्या पाळल्या आहेत. गेल्या आठवड्यात फोन वाजला. पलीकडचा आवाज ओळखीचा होता, आणि त्यात चांगलाच अधिकार होता.

"सायेब, पोरीच्या हापिसातनं बोलतोय. तुमच्या दोनी शेळ्यांची लस ऱ्हायलीया. हितं यादीत दिसतंय मला. मंगळवारी डॉक्टर येतील, शेळ्या रानात सोडू नका."

मी हो म्हणालो.