सुमेधाच्या घरात बर्फ नव्हता

सुमेधा गेल्याची बातमी मला ज्या माणसाच्या मेसेजवरून कळली, त्याचं तोंड पाहायची तिची शेवटपर्यंत इच्छा नव्हती. आशागडच्या आमच्या वाडीत चिकू उतरवणाऱ्या बायकांना मी चहा देत होते. फोन वाजला म्हणून पाहिलं, तर शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी सुमेधाच्या जुन्या साहेबांचा मेसेज पुढे ढकललेला. जोडलेले हात, तेवणारा दिवा आणि खाली मजकूर : 'तलासरीच्या ताडीकांडाचा छडा लावणारी साथरोगतज्ज्ञ, माझी गुणी शिष्या, आज हरपली.' पुण्याला भाचीकडे तिचे उपचार चालू होते, आज ना उद्या हे ऐकावं लागणार हे ठाऊक होतं. पण मी आधी रडलेच नाही. आधी संताप आला, आणि तो महिना उलटून गेला तरी उतरलेला नाही.

डहाणूच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर. ती डॉक्टर झाली तेव्हा तिच्या आईने स्टेशनजवळ दवाखान्यासाठी गाळाही पाहून ठेवला होता. हिने सांगितलं, मी साथींचं काम करणार. आई बिचारी मला विचारायची, "अगं, पेशंट नसलेली कसली डॉक्टर ही?" पुढे सरकारी नोकरीत काविळीच्या, तापाच्या, कॉलऱ्याच्या मागावर ती पाड्यापाड्यांतून हिंडली, आणि लोक तिला साथवाली बाई म्हणायला लागले. तिची एक रीत होती. कुठल्याही पाड्यावर गेली की ओटीवर बसायची, पुढ्यात येईल ती भाकरी खायची आणि मग विचारायची, "बरं कोण आहे इथे?" एकदा मी तिच्याबरोबर गेले होते, मला काही कळेना. म्हटलं, साथ आलीय तर आजारी कोण ते विचार ना. म्हणाली, "आजाऱ्याला सगळेच विचारतात गं. धडधाकट माणूस का वाचला ते कुणी विचारत नाही."

ते ताडीकांड म्हणतात ना, त्याची हकिगत एकदा नीट सांगते. तलासरीच्या पुढे एका पाड्यावर भर उन्हाळ्यात लग्न होतं. लग्न लागलं, जेवणं झाली आणि दुसऱ्या दिवसापासून घराघरात उलट्या-जुलाब. कॉलराच होता. काही माणसं गेली, त्यात नवरीची धाकटी बहीणही. साहेब तेव्हा सुमेधाचे वरिष्ठ. ते गाडीतून उतरले, मांडवामागे ताडीची मडकी दिसली आणि संध्याकाळच्या आत त्यांनी जाहीर करून टाकलं, ताडीमुळे साथ. ती ताडी त्याच पाड्यावरच्या रघूदादाने उतरवलेली. लोकांनी त्याला बेदम मारलं, मडकी फोडली, सख्ख्या भावांनी संबंध तोडले.

सुमेधा पोचली आणि तिने आपला नेहमीचा प्रश्न विचारला. बरे होते ते सगळे बाप्ये, मांडवामागे झाडाखाली बसून पोटभर ताडी ढोसलेले. त्यांनी सरबताला हात लावला नव्हता. सरबत प्यायल्या त्या बायका आणि पोरं, आणि तीच अंथरुणाला खिळलेली. सरबतातला बर्फ खाडीकडच्या कारखान्यातून आणलेला, बोटींवर मासळीला घालतात तो. कारखान्याच्या बोअरचं पाणी तिने तपासून घेतलं, त्यात कॉलऱ्याचे जंतू निघाले. तिने सरळ तसं लिहून दिलं. कारखाना कुणाचा, तर साहेबांच्या सख्ख्या मेहुण्याचा. पहिल्या दिवशी साहेबांची चूक झाली असेल, मी मान्य करते. पण सुमेधाने लिहिलेलं वाचल्यावरही त्यांनी वर कळवलं ते 'ताडी' हेच, आणि हिची बदली केली राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ही चूक नव्हे. याला मी हलकटपणा म्हणते, आणि हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येणार हे माहीत असून म्हणते.

निवृत्तीनंतर ती डहाणूला परत आली, त्या घरात बर्फ कधी जमला नाही. फ्रिजबरोबर आलेल्या बर्फाच्या ट्रेमध्ये ती शर्टाची बटणं ठेवायची, प्रत्येक खणात वेगळ्या रंगाची. लग्नाकार्यात सरबताचा ग्लास पुढे आला की पहिला प्रश्न, "बर्फ कुठला?" माझ्या लेकीच्या लग्नात तिने व्याह्यांदेखत विचारलं, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रघूदादा अधूनमधून तिच्याकडे यायचा, दारातच बसायचा. "बाय, माझी ताडी पिऊन कोण मेला नाय," एवढंच म्हणायचा. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी तिची बॅग भरत होते, तेव्हा म्हणाली, "रघूदादाच्या नावावरचा डाग धुवायचा राहिला बघ..."

आणि आता त्या माणसाने तिच्याच नावावर ताडीकांड चढवलं होतं. शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये ठेवली. साहेबांना मी स्वतः फोन करून बोलावलं, चहापाण्याचं कामही मागून घेतलं. तलासरीहून पाड्यावरची माणसं एसटीने आली, रघूदादा आला आणि सवयीने मागे दाराशी बसला. साहेब तासभर बोलले. ताडीचा शोध, पोरीची जिद्द, त्यांचं मार्गदर्शन... बोलून घसा कोरडा पडला तेव्हा मी लिंबू सरबताचा ग्लास घेऊन स्टेजवर गेले. बाकीच्यांना माठाच्या पाण्याचं दिलं होतं. या एका ग्लासात बर्फ होता. त्यांनी तोंडाला लावायच्या आत मी माइकवरून म्हटलं, "साहेब, बर्फ खाडीकडच्या कारखान्यातला आहे हं. तुमच्या मेहुण्यांच्या."

ग्लास थांबला.

"दोष ताडीचा होता ना? मग प्या की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, समोरच्या माणसांकडे पाहिलं आणि ग्लास अलगद टेबलावर ठेवला. "मला... थंड चालत नाही," म्हणाले. त्या लग्नातल्या नवरीची आई उठली, चालत मागे दाराशी गेली आणि रघूदादाचा हात धरून त्याला पुढे, आपल्या शेजारच्या खुर्चीवर आणून बसवलं. साहेब कधी निघून गेले ते कुणी पाहिलं नाही.

भाचीने सांगितलं होतं, मावशीचं काय हवं ते न्या. मी तो ट्रे आणला होता. सभेच्या आदल्या रात्री त्यातली बटणं वाटीत काढून ठेवली, पाणी खळखळून उकळलं, गाळलं आणि माझ्याच फ्रिजमध्ये बर्फ लावला. सभा झाल्यावर बटणं पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात ठेवली, ट्रे माझ्या शिलाई मशीनजवळ असतो. साहेब ही पुरवणी न चुकता वाचतात, असं ऐकते. तर साहेब, तो ग्लास तुम्ही खुशाल प्यायला असतात तरी तुम्हाला काही झालं नसतं.