तापवून रंगवलेली सायकल

परभणीच्या मुलींच्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, मला मास्तरणीची नोकरी लागली, तेव्हा मोठा प्रश्न जाण्यायेण्याचा होता. आमचं गाव पोखर्णीच्या वाटेवर. रोज बैलगाडी जुंपून मला सोडायला घरात कुणाला सवड नव्हती. ह्यांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, कचेरीतल्या हर्राजात बोली लावून एक जुनी सायकल आणली आणि म्हणाले, "शीक. कासोटा घातलेल्या बाईला दांड्याची सायकल काय अवघड हाय?"

गुडघे फोडून घेतले, पण शिकले. सायकल मात्र गंजलेली. रोज लुगड्याला तांबूस डाग पडायचे. मग ह्यांनी हिरव्या रंगाचा डबा आणला आणि भर श्रावणात, आहे त्या गंजावर, तेलकटावर आम्ही रंगाचे हात मारले. लांबून सायकल नवी दिसायला लागली. पण थोड्याच दिवसांत रंगाला फोड आले, आणि एका सकाळी शाळेच्या दारात उतरले तर लुगडंभर हिरवे पापुद्रे. मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. सदर मुअल्लिमा, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, व्हरांड्यातून बघत होत्या.

पाऊस उघडल्यावर आमच्या गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायची होती. ह्यांच्याबरोबर मीही लोहाराकडे गेले. लोहारीण भाता ओढत होती. लोहारानं तापलेला कोयंडा विस्तवातून काढला आणि त्यावर तेलाची चिंधी फिरवली. भसकन धूर निघाला, लोखंड काळंभोर झालं. निवल्यावर मी नखानं खरवडून पाहिलं. तेल जणू लोखंडाच्या अंगात मुरलं होतं.

"काका, थंड लोखंडाला लावलं तर?"

"उद्या पुसून जातंय की."

मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, आपण ओल्या, मळक्या लोखंडावर रंग चढवला. आधी तापवायला पाहिजे होतं."

लोहार लगेच मान हलवायला लागला. "न्हाई बाई. सायकलीच्या जोडात पितळ असतंय. ते वितळलं तर सायकल मोडूनच पडंल."

"लाल करायची नाही. जुना रंग जळेल इतकीच. आणि जोडांवर ओलं गोणपाट गुंडाळू."

भाता सोडून लोहारीणच म्हणाली, "आधी सायकलीच्या चाकावरचा पत्रा तापवून बघा की. गेला तर पत्राच जाईल."

पत्रा सोडवून आणला, शेकला, घासला, रंगवला. वाळल्यावर लोहारानं त्यावर किल्ली ओढून पाहिली. रंग निघाला नाही. "आता आणा तुमची सायकल," तो म्हणाला.

धाव तापवून झाल्यावर गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची आर उरली, तिच्यावर आम्ही सायकलीचा सांगाडा धरला. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. हुरड्याचं कणीस फिरवावं तसा फिरवत राहिलो. जुना रंग चरचरला, तेल धुरावाटे गेलं. डोळे चुरचुरत होते, तरी मी जोडावरची नजर हलू दिली नाही. गोणपाट वाळायला लागलं की लोहारीण पाणी शिंपायची. मग विटेच्या तुकड्यानं जोडासकट सगळं लख्ख घासलं, पुन्हा हाताला सोसेल इतकं ऊन केलं आणि त्या उबेवरच मी रंगाचा पातळ हात फिरवला. रंग असा सरसर पसरला की मला मोठ्यानं हसूच आलं.

"लय झ्याक!" लोहार म्हणाला आणि गल्लीतल्यांना बघायला हाका मारायला लागला.

रंग पुरता वाळल्यावर पांढरं लुगडं नेसून मी मुद्दाम शाळेत गेले. उतरून पदर झटकला. कुठं ठिपका नाही. मोठ्या बाई पायऱ्या उतरून आल्या. दांड्यावर नख फिरवून म्हणाल्या, "नवी लिए क्या?"

"नई जी. वहीच है. मैंच रंगाई, लोहार के भट्टी पे."

त्यांनी पुन्हा नख फिरवलं, या वेळी जोर लावून. मग हळू आवाजात विचारलं, "मेरे कू सिखाते?"

मी रंगाबद्दल सांगायला लागले, तर त्यांनी मान हलवली आणि सरळ हँडल धरलं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी बुरखा काढून खिडकीत ठेवला. आवाराच्या भिंतीआड मी सीट धरून मागं पळत होते. दोनदा त्या कलंडल्या, तिसऱ्यांदा माझा हात सुटला आणि त्या तशाच पुढं गेल्या. व्हरांड्यातून साऱ्या मुली ओरडत होत्या.