कुलूपबाई आणि तीन रविवार

विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात दाराशी जी बाई बसायची, तिला आम्ही कुलूपबाई म्हणायचो. तोंडावर अर्थात नुसतं ‘बाई’. महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती, मुली शिकायला घराबाहेर पडू लागल्या होत्या आणि त्यांना पाठवणाऱ्या घरांना एकच घोर होता, की यांना भेटायला कोण कोण येणार. त्या घोरावरचा उपाय म्हणजे कुलूपबाई. टेबल, खुर्ची, पितळी घंटा आणि कार्डांचा एक पत्र्याचा डबा, एवढा त्यांचा संसार.

प्रवेशाच्या दिवशी वडील कार्ड भरून देत. मुलीला भेटू शकतील, पत्र लिहू शकतील अशी फार तर चार माणसं, नात्यासकट. कार्ड मुलींना दाखवत नसत. ज्याचं नाव त्यावर नाही तो पायरीवरूनच परत, आणि त्याचं पत्र वडिलांच्या पत्त्यावर रवाना. असं कोणी येऊन गेलं, हे मुलीला कळूही द्यायचं नाही. एकदा अधीक्षिकाबाईंचे सख्खे थोरले भाऊ आले, तर कुलूपबाईंनी त्यांनाही विचारलं, “आपलं नाव कुणाच्या कार्डावर?” अधीक्षिकाबाई धावत खाली आल्या तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. आम्ही आठवडाभर हसत होतो.

माझ्या कार्डावर एकच नाव होतं, बाबांचं. हे मला फार उशिरा कळलं. आई मी लहान असतानाच गेली. बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसायचं सोडून दादा छापखान्यात नोकरीला गेला, बापलेकांत नको ते बोलणं झालं आणि बाबांनी त्याच्याशी संबंधच तोडला. मला वाढवलं ते दादाने. माझ्या वेण्या तोच घालायचा, एक वर, एक खाली. त्याचा छापखाना विद्यापीठापासून तासाभराच्या वाटेवर होता. निदान माझ्यापुरता तरी बाबांनी राग गिळला असेल आणि दादाचं नाव कार्डावर घातलं असेल, असं मी धरून चालले होते. तो येईल या एका आशेवर मी तिथे दिवस काढत होते. तो काही येईना. आपण होऊन पत्र लिहावं, तर मीही हट्टी. आधी त्याने लिहावं म्हणून अडून बसले.

रविवारी दुपारी दोन ते पाच भेटीची वेळ. पाहुणा आला की कुलूपबाई घंटा वाजवत आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडत, “तेवीस, खिडकीकडची!” तेवीस आमची खोली. खिडकीकडच्या खाटेवर माझी मैत्रीण, दाराकडच्या खाटेवर मी. मैत्रिणीला मामा, मावशा, आत्या, सगळं गणगोत होतं. मी पुस्तक उघडून बसायची आणि घंटेकडे कान लावायची. तीन तासांत एक पान उलटत नसे. ‘तेवीस, दाराकडची’ हे वर्षातून दोनदा ऐकू यायचं, बाबा आले की.

कुलूपबाईंकडेही कधी कोणी आलं नाही. त्यांची खोली जिन्याखाली, उंच माणूस आत सरळ उभा राहू शकणार नाही अशी. सुट्टीत सगळ्या घरी जात, तेव्हाही त्या डबा पुढ्यात घेऊन रिकाम्या दारात बसलेल्या असत. नवरा होता का, मुलंबाळं होती का, आम्ही कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर, विचारावंसं वाटलं नाही. आमच्या लेखी त्या म्हणजे दाराचंच एक लाकूड.

दुसऱ्या वर्षातल्या एका रविवारी घंटा वाजली नाही, पण कुलूपबाई स्वतःच वर आल्या. जिन्याने धापा टाकत म्हणाल्या, “समोरच्या दुकानातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणून देता का? उशांचे अभ्रे शिवायचेत.” रविवारी मुलींना बाहेर सोडत नसत, बाईंच्या कामाला मात्र रस्ता ओलांडायची मुभा होती. मी आधीच धुमसत होते. मी म्हटलं, “मी इथे शिकायला आलेय, तुमचा बाजार करायला नाही.” त्या आल्या तशा खाली गेल्या.

दादा तेव्हा समोरच्या दुकानातल्या बाकावर बसला होता. त्याआधी तो अकरा वेळा येऊन पायरीवरून परत गेला होता. आता त्याला जहाजावर नोकरी लागली होती आणि जायला पंधरा दिवस उरले होते.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा वर आल्या. मी डोकं दुखतंय म्हणून पांघरूण ओढून घेतलं. तिसऱ्या रविवारी त्या रिळासाठी थेट माझ्या खाटेशी आल्या. म्हणाल्या, “तुम्हीच जा. माझं एवढं ऐका.” मैत्रिणीला माझी दया आली. तिने चपला घातल्या आणि तीच पळाली. बाई तिला थांबवायला वळल्या, पण काय सांगून थांबवणार होत्या?

मैत्रीण रीळ घेऊन हसतच आली. दुकानातला एक माणूस म्हणे तिला येताना बघून एकदम उठून उभा राहिला आणि जवळ गेल्यावर मटकन खाली बसला. “ध्यान होतं नुसतं,” ती म्हणाली. मीही हसले. पोट धरून हसले.

हे सगळं मला कळलं ते दीड वर्षाने, वसतिगृह सोडायच्या दिवशी. पटावरून नाव कमी झालं की कार्ड रद्द होत असे. माझी सही घेऊन कुलूपबाईंनी कार्ड फाडलं आणि मग सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, एका दमात. मी त्यांच्यावर तुटून पडले. सरळ सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

“तसं लिहून घेतलंय माझ्याकडून,” त्या म्हणाल्या. “ही नोकरी गेली तर खोली गेली. मग मी कुठे जाऊ?”

दादाचा पत्ता विचारला, तर त्यांच्याकडे नव्हता. दादाने तो द्यायला हात पुढे केला होता, पण घ्यायची परवानगी नाही म्हणून यांनी घेतला नव्हता. त्याचा एक निरोप मात्र त्यांनी दीड वर्ष सांभाळून ठेवला होता.

“म्हणाले, ती आली नाही म्हणजे रागावलीय. तिला सांगा, तिचा राग मला पटतो.”

पायरीवर बाबा माझी ट्रंक उचलत होते. माझा चेहरा बघून त्यांनी ट्रंक खाली ठेवली. “अगं, रडतेस काय? एवढा जीव लागला तुझा इथे?”

मी हो म्हणाले.