लांबचे न दिसणाऱ्या मुलाचा चष्मा

बाईंनी सव्वीस वर्षे भाषा शिकवली. त्यांचे वडील चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, भिंगे घासत. लहानपणीच बाईंना लांबचे दिसेना आणि उणे नऊचा नंबर लागला, तेव्हा वडिलांनी नवे भिंग त्यांच्या हातात देऊन कड जाड आणि मध्य पातळ असल्याचे बोटाने चाचपायला लावले होते. हे भिंग उजेड पसरवते, गोळा करत नाही, असे त्यांनी सांगितले होते. एवढे ज्ञान बाईंना घरातून मिळाले. अधिकार मात्र आयुष्यात एकदाच मिळाला, तोही बारा दिवसांपुरता: वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या चार जणांवर त्यांना गटप्रमुख नेमले गेले.

त्या अधिकाराने त्या सुखावल्या नाहीत. काठावर नापास झालेली प्रत्येक उत्तरपत्रिका पुन्हा वाचायची आणि हिरव्या शाईने सही करायची, हे त्यांचे काम. दर सहीआधी त्या बेरीज दोनदा तपासत. चौघे मात्र त्यांच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावत, आणि त्यामुळे त्यांची धास्ती वाढतच होती.

नवव्या दिवशी एक उत्तरपत्रिका समोर आली. एकूण गुण बत्तीस. उत्तीर्ण व्हायला पस्तीस हवे होते. तपासणारे शिक्षक वयाने सर्वांत लहान. बाकीच्या तिघांशी प्रत्येक गुणावर हुज्जत घालत, म्हणून सगळे त्यांना वकील म्हणत. पाच गुणांच्या एका प्रश्नाला त्यांनी शून्य दिले होते. निर्जन बेटावर अडकलेल्या आणि एका जाड मुलाच्या चष्म्याने आग पेटवणाऱ्या मुलांच्या कादंबरीतला उतारा नेमलेला होता, आणि त्यातून ज्ञान, सत्ता व नेतृत्व यांचे नाते स्पष्ट करायचे होते. आदर्श उत्तरात ठरलेले मुद्दे होते: चष्मा म्हणजे ज्ञान, त्याने पेटलेली आग म्हणजे सुटकेची आशा, सभेत बोलण्याचा हक्क देणारा शंख म्हणजे सर्वांना मान्य असलेली सत्ता. विद्यार्थ्याने यातले काहीच लिहिले नव्हते. त्याने लिहिले होते:

‘त्या जाड मुलाला लांबचे दिसत नाही. अशा चष्म्याने जाळ पेटत नाही. माझा तसाच आहे, मी करून पाहिले. म्हणजे बाकीच्या मुलांनी त्याचा चष्मा त्याला न विचारता घेतला, तसाच लेखकानेही घेतला. ज्याला माहीत होते त्याला कोणीच विचारले नाही.’

बाईंनी पेन खाली ठेवले. हा उतारा त्या अकरा वर्षे शिकवत होत्या. नाकावर तोच चष्मा आणि पाठीशी भिंगे घासणारा बाप असूनही ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. माणसाचे जगण्यातले ज्ञान एका कप्प्यात राहते आणि पुस्तकातले दुसऱ्या. मधला दरवाजा उघडायला कोणी सांगत नाही, आणि परीक्षा तर तो बंद ठेवण्याचेच गुण देते.

त्यांनी मुख्य परीक्षकांना फोन लावला. कादंबरीत आग पेटली म्हणजे पेटली, असे त्यांचे म्हणणे. पण निर्णय गटाने घ्यावा, आपल्याला मध्ये ओढू नये. आता बाईंची खरी पंचाईत झाली. स्वतः गुण वाढवले तर ती खुर्चीची मनमानी ठरेल. न वाढवले तर एक मूल खरे लिहिल्याबद्दल नापास होईल. त्यांनी ते उत्तर सर्वांना वाचून दाखवले, भिंगाची गोष्ट समजावली, आणि गुण द्यावेत असे वाटणाऱ्यांनी हात वर करावा, असे म्हणून स्वतःचा हात आधी वर केला. चारही हात लगेच वर झाले. वकील तर दुसऱ्या हाताने पुढच्या उत्तरपत्रिकेचे पान उलटत होते.

“वकीलसाहेब, पटलं का तुम्हाला?”

“पटायचा प्रश्न कुठे येतो, बाई? तुम्ही प्रमुख. आणि सगळ्यांना वेळेत घरी जायचंय.”

विद्यार्थ्याचे म्हणणे जिंकले होते, पण ज्या रीतीने ते कोणत्याही दिवशी हरले असते त्याच रीतीने. हात मोजता येतात. ते कशासाठी वर झाले हे मोजता येत नाही. त्या उठल्या आणि सगळ्यांना घेऊन जिना उतरून दुपारच्या उन्हात अंगणात गेल्या. एक कोरा कागद फरशीवर ठेवला, चष्मा काढून वकिलांच्या हातात दिला.

त्या क्षणी त्यांच्यासमोरचे जग विरघळले. पायांपाशी कागद होता, पण त्यांना दिसत होता तो पांढरट डाग. चौघांतल्या वयस्कर ताईंनी विचारले, “बाई, समोर मी उभी आहे की खांब, ओळखा बघू.” बाई खांबाकडे पाहून हसल्या. कोणीतरी फिसकन हसले. कशाला, ते त्यांना कळले नाही. आपण जे सिद्ध करायला आलो ते आपल्यालाच दिसणार नाही, हे त्यांच्या आता लक्षात आले. नऊ दिवस ‘हो बाई’ म्हणणाऱ्यांच्या तोंडूनच ते ऐकावे लागणार होते.

“नुसती काळी सावली पडलीय,” वकिलांचा आवाज खालून आला. ते बहुधा उकिडवे बसले होते. कागद सरकवल्याचा आवाज आला. “वर घेतलं तरी तेच. मध्ये सावली, कडेला उजेड. कागद काही तापत नाही.”

बाईंनी चष्मा मागितला. “थांबा जरा,” असे म्हणून ते चष्म्यासकट आत गेले. पावले दूर गेली. बाई उन्हात तशाच उभ्या राहिल्या. ताईंनी कोपर धरून त्यांना जिना चढवला. खोलीत पाने चाळल्याचा आणि पेन ओढल्याचा आवाज येत होता. मग चष्मा त्यांच्या हातात आला, बोटांच्या ठशांनी भरलेला. रुमालाने पुसून त्यांनी तो डोळ्यांवर चढवला.

शून्यावर रेघ होती. शेजारी तीन, त्याखाली वकिलांची सही. पहिल्या पानावरची बेरीजही त्यांनी दुरुस्त केली होती: पस्तीस.

“तीनच का?” बाईंनी विचारले.

“पाच कसे देऊ? नेतृत्वावर एक ओळ नाही त्या पोराची.”

मग दोन का नाहीत, हा प्रश्न बाईंच्या ओठांवर आला. बत्तीस ही बेरीज वकिलांनीच केलेली होती; नेमके तीन कमी पडतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी कागदावरची सावली पाहिली, की काठावरचे मूल, की बाईंची खुर्ची? विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि ते प्रमुखाला दिलेले उत्तर असते.

बाईंनी हिरव्या शाईने सही केली. मग पुढची उत्तरपत्रिका समोर ओढली.